दादाच्या पाठीमागचा डबा

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! स्टुडिओत पाऊल ठेवून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर दादाचा हुकूम — "डबा माझ्या पाठीशी लाव."

डबा म्हणजे माझ्या बेस गिटारचा अँप्लिफायर. मी स्वतः जोडलेला. मी काम करते त्या दुरुस्तीच्या दुकानात भंगार म्हणून आलेलं एक खोकं, त्यात खाली मोठा स्पीकर, वर लहान, मागे आठ स्क्रूंनी बसवलेली फळी. उचलायला दोन माणसं लागतात. बावीस वर्षं झाली, हॉल कुठलाही असो, हा डबा दादाच्या ड्रमच्या स्टुलाला चिकटून! आणि डबा तिथे म्हणजे मीही तिथेच. कोपऱ्यात, झांजांच्या आड. समोरच्यांना माझं फक्त डोकं दिसतं. उंट म्हणतो, "दादाला पाठीला शेक लागतो." उंट म्हणजे आमचा सॅक्सोफोनवाला. उंची सहा फूट तीन, आणि चालतोही तसाच. त्याच्या या विनोदावर सगळे हसतात. मीही हसते. डोंबल हसते!

सेहेचाळिसाव्या वर्षी पहिला अल्बम. तोही सोल-फंकचा, जिथे बेस हाच कणा, बाकी सगळे त्यावर चढवलेले कपडे. निदान इथे तरी मला माझी जागा मिळेल असं वाटलं होतं. कुठलं काय.

४ मार्च, मंगळवार

निर्मात्याचं नाव आम्ही चष्मा ठेवलंय. रेकॉर्ड कंपनीने धाडलेला माणूस. चष्मा कपाळावर असतो आणि बघतो तो नाकाच्या शेंड्यावरून. त्याचं म्हणणं — ड्रम एका खोलीत, बेस दुसऱ्या, सॅक्सोफोन तिसऱ्या, गाणारी काचेच्या पेटीत. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन.

दादा म्हणाला, "नाही. आम्ही आठव्या मजल्यावर बावीस वर्षं एका खोलीत वाजवलंय. एका खोलीतच वाजवणार. आणि हेडफोन नकोत."

(आमच्या बँडचं नावच 'आठवा मजला'. सराव तिथे चालतो आणि लिफ्ट कधीच चालत नाही.)

चष्म्याने समजावलं. एका खोलीत सगळे वाजवले की प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाच्या माइकमध्ये शिरतो. बेस ड्रमच्या माइकमध्ये, ड्रम गाणारीच्या माइकमध्ये. नंतर एखाद्याला पुसायचं म्हटलं तर पुसता येत नाही. "मग माझ्या नावाने बोंब मारू नका," म्हणाला.

दादा ऐकेल तर शपथ. बसला ड्रम जुळवत. एकेक ड्रम जुळला की त्यावर निळी कापडी पट्टी, पट्टीवर तारीख, वेळ आणि खाली — 'हात लावू नये'. ही त्याची जुनी खोड. घरी आईच्या गोळ्यांच्या बाटलीवरसुद्धा पट्टी आहे! एकदा वहिनीच्या पाठीवर एक चिकटून आली होती, दिवसभर तशीच फिरली बिचारी.

६ मार्च, गुरुवार

आज लिहायला हात शिवशिवतोय.

'लिफ्ट बंद आहे' झालं! तिसऱ्या फेरीत झालं. या गाण्याचा बेस मला दुकानात सुचला होता, एका मिक्सरचं भांडं काही केल्या बसेना, त्याला थापट्या मारता मारता. आज तोच धरून सुरुवात केली, चार ठोक्यांनी दादा आला, मग आमच्या गिटारवाल्याची ती खरखर, मग उंट — आणि मग वहिनीने तोंड उघडलं. दादाची बायको म्हणून नाही म्हणत, पण बाई गाते ती ऐकत राहावी अशी. मी दादाच्या उजव्या पायाकडे बघत होते, नेहमीसारखी. त्याचा पाय पडताना बघितला की माझं बोट आपोआप पडतं. त्याने डोळे मिटले होते आणि पाठ डब्याला टेकली होती.

गाणं संपलं. चष्म्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा!

७ मार्च, शुक्रवार

आणखी दोन गाणी. बोटाला फोड. आनंदात आहे, नजर लागू नये.

१० मार्च, सोमवार

लागली.

आठही गाणी झाली म्हणून चष्म्याने सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर दोन रेघा. वरची दादाच्या पायाची, खालची माझी. ठोका आला की रेघ उसळते. आणि प्रत्येक ठोक्याला माझी रेघ त्याच्या केसभर मागे. प्रत्येक! चष्म्याने ते इतकं मोठं करून दाखवलं की केसाचा ओंडका झाला.

"ताई, तुम्ही उशिरा येता."

मी म्हटलं, "बावीस वर्षं लोक याच उशिरावर नाचलेत."

"नाचणारे लोक घड्याळ बघत नाहीत. मी बघतो."

मी दादाकडे बघितलं. आता बोलेल, आता बोलेल. हा माणूस एका झांजेच्या खिळ्यावरून हॉलच्या मालकाशी भांडलेला मी बघितलाय. पण पडद्याकडे बघत बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझी लाज वाटली असेल. वहिनी कागदी कपाची कड नखाने कुरतडत होती. उंट छताकडे.

आणि गिटारवाला तारा पुसत बसला.

११ मार्च, मंगळवार

दादाने जिन्यात गाठलं मला. खोलीत सांगायची हिंमत नाही, जिन्यात सांगितलं.

"कंपनीने एक बेसवाला सुचवलाय. तुझ्या जागी तो परत वाजवेल. तू… थोडं थांब."

"थांबू म्हणजे किती? चहा होईपर्यंत की मरेपर्यंत?"

माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, मी कुठल्या परक्या भाषेत बोलतेय असं. मग म्हणाला, "अल्बम बुडेल गं."

"आणि मी बुडले तर?"

जिन्याचा कठडा चाचपत उभा राहिला. अकरा वर्षांची होते तेव्हापासून याच्या पायाकडे बघून वाजवतेय मी. लग्न नाही केलं, नोकरी धरली ती दुकानातली, का, तर बँडसाठी रजा मिळते. आणि हा मला जिन्यात सांगतो!

१२ मार्च, बुधवार

आज काही लिहिणार नाही. एवढंच — डबा उंटाने आणि गिटारवाल्याने आणून दिला. दादाने हात लावला नाही.

१५ मार्च, शनिवार

दुकानात दिवसभर तीन पंखे आणि एक मिक्सर. मिक्सरवाल्या बाईने विचारलं, "तुमचा अल्बम येणार होता ना?" येणार आहे म्हटलं. खोटं नाही. येणारच आहे. मला वगळून.

संध्याकाळी आईने विषय काढला. जेवायला बसल्यावर, म्हणजे मला उठून जाता येऊ नये. "तुझा दादा आहे तो. काहीतरी विचार करूनच केलं असेल."

"त्याने विचार केला, मी भोगते. छान वाटणी आहे."

"हल्ली माझ्याशीही फोनवर धड बोलत नाही गं. हो-हो करतो आणि ठेवून देतो."

"चोरून खाल्लेला माणूस आणखी काय बोलणार!"

आई म्हणाली माझी जीभ फार तिखट झालीय. झालीच आहे.

१८ मार्च, मंगळवार

उंट दुकानात आला. हातात इस्त्री. इस्त्रीला काही झालेलं नव्हतं, मला कळत नाही का! तासभर उघडून बसले तिला, त्याला बोलता यावं म्हणून.

नवा बेसवाला आलाय. त्याला सगळे पाहुणा म्हणतात. वाजवतो घड्याळासारखं. चष्म्याने माझा बेस काढून टाकला आणि जुन्या गाण्यांवर पाहुण्याचा चढवला. आणि काय झालं? मी जाईना! ड्रमच्या सगळ्या माइकमध्ये मी. वहिनीच्या माइकमध्ये मी. उंटाच्या सॅक्सोफोनमागे मी. पाहुणा वेळेवर पडतो आणि त्याच्या मागोमाग केसभराने माझा गडगडाट येतो. सगळं गढूळ.

"तू भुतासारखी बसलीयस सगळ्यांच्या मानगुटीवर," उंट म्हणाला.

किती दिवसांनी पोटभर हसले! इस्त्री मांडीवर पालथी घालून हसले. आता म्हणे सगळी गाणी पाहुण्याबरोबर नव्याने वाजवायची. यावेळी वेगवेगळ्या खोल्यांत, हेडफोन लावून. चष्म्याची अट.

मी विचारलं, "वहिनी काही बोलते का?"

"ती गाते आणि घरी जाते."

माझ्याशी एक फोन नाही. शब्द नाही. ताकास तूर लागू देईल तर ती वहिनी कसली.

२० मार्च, गुरुवार

उंटाचा फोन. काल एकच गाणं चौदा वेळा. दादाला जमेना! कधी पुढे पळतो, कधी मागे राहतो. हेडफोन काढतो, लावतो, फेकतो. पाहुण्याचा बेस सरळ वायरने मशीनमध्ये जातो, खोलीत त्याचा आवाजच नसतो. दादा म्हणतो असं वाजवायची सवय नाही. चष्मा म्हणतो सवय करा, स्टुडिओ सोमवारपर्यंतच आपल्या हातात आहे.

लागू दे कळा. मला चहा गोड लागला आज.

२१ मार्च, शुक्रवार

हद्द झाली! हद्द!!

उंट आला, गाडी घेऊन. दारातच उभा. म्हणाला, "दादाने डबा मागितलाय. सोमवारपुरता. पाहुण्याला जोडून त्याच्या पाठीशी ठेवायचा म्हणतो. रेकॉर्डिंग वायरनेच होईल, डबा नुसता दादासाठी."

"आणि मी?"

उंट बुटांकडे बघायला लागला.

मी नको, माझा डबा हवा! बावीस वर्षं त्याने मला कोपऱ्यात ठेवलं ते या डब्यापायी, आणि आता मला काढलं तरी डबा हवाच! लाडाची पाठ! शेक लागतो! नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. आई मागून म्हणाली, "दे गं. नाही म्हणू नकोस त्याला."

मी म्हटलं, "उद्या दुपारी ने. जरा साफ करून देते."

२२ मार्च, शनिवार

साफ केला.

आठ स्क्रू काढले. मोठ्या स्पीकरच्या दोन वायरी टोकाला चिमट्यासारख्या बसतात, नुसत्या दाबल्या की झालं, त्यातली एक उपसली आणि बाजूला लोंबत ठेवली. बस्स. लहान स्पीकर चालू राहील. दिवा लागेल, आवाज येईल, कुणाला काही कळणार नाही. फक्त दणका येणार नाही. पाठीला शेक लागणार नाही. फळी बसवली. आठ स्क्रू. फडक्याने पुसला, चकचकीत केला.

उंट घेऊन गेला. मी गाडीपर्यंत हात लावला उचलायला. आई म्हणाली, "बघ, किती बरं वाटतं ना मन मोठं केलं की?"

हो आई. फार बरं वाटतं.

२४ मार्च, सोमवार

बारा वाजता रेकॉर्डिंग सुरू होणार होतं. मी दुकानात बाराला बरोबर हातातला पेचकस खाली ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. बसा आता टेकून!

२५ मार्च, मंगळवार

उंट आला तो काउंटरवर डोकं टेकून बसला. त्याने इस्त्रीही आणली नव्हती. मी म्हटलं, काय, झालं का गाणं?

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दादा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. चांगल्या मूडमध्ये. सगळ्यांना म्हणाला, आज होऊन जाऊ दे. वहिनीला काचेतून हात केला. डब्याला पाठ टेकली, डोळे मिटले. पाहुण्याने सुरुवात केली. दादा आला — चुकीच्या ठोक्यावर. थांबले. पुन्हा. पुन्हा चुकीच्या. पाचव्यांदा तर निम्म्या गाण्यात दोन ठोके बाजूला गेला आणि तसाच वाजवत राहिला, छान, जोरात, तब्येतीत. पाहुणा थांबला. गिटार थांबली. उंटाने सॅक्सोफोन खाली घेतला. चष्मा बटण दाबून ओरडला, "थांबा!"

सगळे थांबले तरी दादा वाजवत होता.

डोळे मिटून. एकटाच. उंट म्हणाला, अर्धं मिनिट असेल, पण मला ते तासभर वाटलं. शेवटी वहिनी पेटीतून बाहेर आली, जवळ गेली आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तेव्हा त्याने डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं. कांड्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

उंट रडत होता माझ्या काउंटरवर. सहा फूट तीन. मी त्याला पाणी दिलं. अर्धं काउंटरवरच सांडलं. त्याला वाटलं मला धक्का बसलाय. बसलाच होता. पण कशाचा ते त्याला काय माहीत!

२६ मार्च, बुधवार

वहिनी दुकानात आली. दोन आठवड्यांनी. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत पंख्याच्या पात्यांशी चाळा करत उभी राहिली. मग एका दमात सगळं बोलली.

नऊ वर्षं झाली. आधी उजवा कान, मग डावा. आता समोरच्याच्या ओठांवरून कळतं तेवढंच, आणि फोनवर तर काहीच नाही, नुसता हो-हो. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं वाजवणं सोडा. त्याने वहिनीला शपथ घातली. म्हणाली, तुझा डबा आधीही त्याला आवडायचाच, पण नऊ वर्षं तो त्यावरच जगलाय. तुझा दणका पाठीच्या कण्यातून वर येतो, त्यावरून तो ठोका ओळखतो. बाकी कुणाचं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मी म्हटलं, "मग पडद्यावर दोन रेघा आल्या तेव्हा?"

"तेव्हाच त्याला कळलं. तू त्याच्या पायाची वाट बघतेस आणि तो तुझ्या दणक्याची. म्हणून तुमचं सगळं तसं मागे ओढल्यासारखं वाजतं. कुणी जास्त खोदलं असतं तर त्याच्या कानांपर्यंत आलं असतं. भ्याला गं तो. तोंड मिटून घेतलं."

म्हणजे स्वतःचे कान लपवायला माझा बळी दिला! हे मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "हो. आणि त्या दिवसापासून एक घास नीट गेला नाही त्याला."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्यावर धड रागावताही येईना, कारण डोळ्यांसमोर ती लोंबणारी वायर.

"डब्याने तरी साथ दिली असती," वहिनी म्हणाली. "जुना झाला असेल."

मी काय बोलले? म्हटलं, हो, जुना झालाय. शाबास माझी! दादाची बहीण शोभते!

२९ मार्च, शनिवार

गेले शेवटी. आईनेच ढकललं.

दादा दिवाणखान्यात जमिनीवर बसून ड्रम कापडात गुंडाळत होता. प्रत्येक गाठोड्यावर निळी पट्टी. तारीख, वेळ. मी समोर जाऊन बसले, ओठ दिसतील अशी. बावीस वर्षं त्याच्या पायाकडे बघत बसलेली मी. तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं नीट. म्हातारा झालाय.

म्हणाला, "जिन्यात बोललो ते… जिन्यात बोलायला नको होतं."

बस, एवढीच माफी. आमच्या घरात याहून मोठी माफी आजवर कुणी मागितलेली नाही.

मग म्हणाला, "स्टुडिओचे दिवस संपले. आता पहिलंच सगळं वापरावं लागेल. तुझ्यासकट. चष्मा चरफडतोय." आणि हसला! "तुझं राहतंय ना त्यात? झालं तर मग."

मला सांगायचं होतं. घरून ठरवून गेले होते. शब्दही जुळवले होते. म्हटलं, "दादा, तो डबा —"

त्याने हात वर केला. "जुना झालाय. कधी ना कधी होणारच होतं. सोड."

आणि मी सोडलं. त्याने दार उघडून दिलं पळायला आणि मी पळाले. चहा प्यायला. वहिनीने बिस्किटं दिली, तीही खाल्ली. घरी आल्यावर ओकले.

१४ एप्रिल, सोमवार

कव्हरचा नमुना आला. अल्बमचं नाव — 'एका खोलीत'. मागे नावांची यादी. बेस — मी. दादाच्या नावाच्या लगेच खाली. बावीस वर्षं हेच हवं होतं ना? घे. बघ आता.

दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं, मग अर्ध्या तासाने काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

स्टुडिओवाले डबा न्या म्हणतात. मी फोन उचलत नाही. मला तो डोळ्यांसमोर नको.

२ मे, शुक्रवार

अल्बम आला आज.

पेपरात चार ओळी छापून आल्यात. उंटाने फोनवर वाचून दाखवल्या. लिहिणाऱ्याला सगळ्यात काय आवडलं? आमचा उशीर! म्हणे ड्रम आणि बेस एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणत वाजतात, आणि त्यामुळे बसलेल्या माणसाची कंबर हलते. चष्मा आता सगळ्यांना सांगत फिरतोय की ती त्याचीच कल्पना होती. नाकाने कांदे सोलणारा मेला!

दुपारी आई झोपल्यावर लावला. 'लिफ्ट बंद आहे'. माझे चार ठोके, मग दादा. मी डोळे मिटून ऐकलं. इतकं चांगलं आम्ही कधी वाजवलं नव्हतं, आणि आता वाजवणार नाही. आणि हे टिकलं कशामुळे? तर मी एक वायर उपसली म्हणून. त्याला भर खोलीत सगळ्यांसमोर उघडं पाडलं म्हणून. त्याला ही गाणी ऐकूच येणार नाहीत. स्पीकरवर हात ठेवून बसतो म्हणे. माझा दणका तेवढा कळतो त्याला.

पुन्हा लावला नाही.

४ मे, रविवार

उंटाने आणि गिटारवाल्याने डबा आणून दारात ठेवला. स्टुडिओवाले फेकून देणार होते. सकाळपासून टाळत होते, शेवटी पेचकस घेतला. म्हटलं वायर जोडून टाकावी, कुणी बघायच्या आत.

आठ स्क्रू काढले. फळी बाजूला केली.

वायर मी सोडली तशीच सुटी होती. पण आता उघडी लोंबत नव्हती. लोखंडाला लागून माझा डबा जळू नये म्हणून कुणीतरी तिच्या टोकाला पट्टी गुंडाळली होती, अगदी सुबक. निळी कापडी पट्टी. त्यावर दादाचं अक्षर —

'२४ मार्च, सकाळी ९.१०. हात लावू नये.'

रेकॉर्डिंग बाराला होतं.